दवाखान्यासारखं अक्षर

त्या गृहस्थांनी पिशवीतून पाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि मला खरोखर मळमळलं.

पाकिटावर वरून खाली हिरव्याचा पिवळा होत गेलेला रंग. मधोमध दाढीवाले ऋषी, डोक्यामागे तेजाचं वर्तुळ, पुढ्यात खलबत्ता. आणि नाव! नावाची शिरोरेषा म्हणजे झाडाची फांदी. वेलांटीला पानं फुटलेली, उकारातून थेंब गळतोय, अनुस्वाराच्या जागी कमळ. अक्षरांना सोनेरी कड, कडेला काळी सावली. नावात 'द्ध' होता. तो त्या फॉन्टमध्ये नसावा, म्हणून द चा पाय मोडून त्याच्या शेजारी ध उभा करून दिला होता. मी ते पाकीट दोन बोटांनी उचललं आणि पालथं ठेवलं.

छोट्या धंद्यांसाठी लेबलं, पाकिटं, पाट्या बनवणं हे माझं काम. त्याआधी बारा वर्षं सीताबर्डीतल्या एका छापखान्यात टायपिंग केलं. लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, बारशाची कार्डं. तो छापखाना बंद पडला तेव्हा घराच्या समोरच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला. पापड-सांडगे करणाऱ्या बायका, संत्रा बर्फीवाले, जवसाची चटणी विकणारं एक जोडपं, अशी माझी गिऱ्हाइकं. चित्र मला काढता येत नाही. अक्षर मात्र कळतं. वाईट अक्षर दिसलं की मला ताटात केस निघाल्यासारखं होतं. हॉटेलात गेलो की नवरा मेन्यूकार्ड आधी स्वतः बघतो आणि फार भयंकर असलं तर मला देतच नाही, तोंडानेच वाचून दाखवतो. या गोष्टीचा मला गर्वही होता. आपली नजर साफ आहे, असं मी समजत होते.

गृहस्थ पन्नाशीचे. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात वेलची. आत येताना दाराच्या कडीला हात लागला म्हणून खिशातली सॅनिटायझरची छोटी बाटली काढून त्यांनी हात चोळून घेतले होते. कळमेश्वरला शेड आहे, साखरेच्या आजारावर पावडर बनवतो, असं त्यांनी सांगितलं.

"मॅडम, प्रॉब्लेम काय आहे, की हे पाहिलं की लोक म्हणतात जडीबुटी आहे. मला जडीबुटी दिसायला नको."

"मग काय दिसायला पाहिजे?"

"दवाखाना," ते म्हणाले. "पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे, डॉक्टरनंच लिहून दिलं."

खरं तर इथेच मी थांबायला हवं होतं. पण मला आनंद झाला. इतक्या वर्षांत पान नको, फूल नको, सोनेरी कड नको असं म्हणणारं पहिलं गिऱ्हाईक माझ्यासमोर बसलं होतं. मी विचारलं, पावडरीत काय असतं. कारलं, जांभळाची बी, मेथी, "और थोडा अपना कुछ," ते हसून म्हणाले. त्या 'अपना कुछ'बद्दल मी पुढे काही विचारलं नाही. माझं लक्ष त्या फांदीच्या शिरोरेषेकडे होतं. ती कधी एकदा पुसून टाकते असं मला झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी धंतोलीत गेले. दवाखान्यांच्या पाट्या बघायला त्याहून चांगली जागा नाही. एका गल्लीत उभं राहून मान फिरवली की दहा पाट्या दिसतात. मी प्रत्येक पाटीचा फोटो घेतला. एका वॉचमनने विचारलं, "पेशंट कुठल्या मजल्यावर आहे?" मी म्हटलं, पेशंट नाही, पाटी बघून राहिले. त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. मी मात्र कामात बुडाले होते. मोठ्या दवाखान्यांचं अक्षर कसं असतं, ते माझ्या लक्षात येत गेलं. रेघ सगळीकडे एकाच जाडीची. शिरोरेषा बारीक, पण कुठेही न तुटणारी. अक्षरांच्या पोटात भरपूर मोकळी जागा. बाजूला खूप पांढरं सोडलेलं. निळ्या-हिरव्याच्या मधला एक थंडगार रंग. कुठेही आवाज चढवलेला नाही. असं अक्षर बघितलं की माणूस आपोआप चप्पल दाराबाहेर काढतो.

घरी येऊन अकरा फॉन्ट लावून पाहिले. एकात 'द्ध' मोडत होता. एकाची शिरोरेषा इतकी जाड, की सरकारी नोटीस वाटायची. एक गोलमटोल, आइस्क्रीमच्या दुकानाला शोभेल असा. शेवटी एक सापडला. त्यातही मी 'ध'चं पोट थोडं उघडलं, मात्रा जरा वर घेतली, दोन अक्षरांमधलं अंतर केसाएवढं वाढवलं. चार दिवस मी त्या चार अक्षरांशी खेळत होते. लेकराला आंघोळ घालून, भांग पाडून समोर उभं करावं, तसं ते नाव दिसायला लागलं.

"खाली ती एक ओळ टाकावी लागते," गृहस्थ फोनवर म्हणाले. "ती जरा शांत ठेवा."

ती ओळ अशी होती : हे औषध नव्हे. डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय चालू उपचार बंद करू नयेत.

मी ती शांत ठेवली. सगळ्यात बारीक रेघेच्या अक्षरात, फिकट राखाडी रंगात, छापताना मोडणार नाही इतक्याच आकारात. त्यामुळे पाकीट अजूनच छान दिसायला लागलं, हे मला आवडलं होतं, हेही इथे लिहिलं पाहिजे.

प्रूफ बघून गृहस्थ म्हणाले, "वा! मला साखर असती ना मॅडम, तर मीच घेतली असती." आम्ही दोघंही हसलो. मी जुन्या आणि नव्या पाकिटाचे फोटो शेजारी-शेजारी लावून फोनच्या स्टेटसला टाकले. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. त्यावरून मला तीन नवी कामं मिळाली.

सात-आठ महिन्यांनी आईचे गुडघे दाखवायला पुन्हा धंतोलीत गेले. खालचा हॉल गच्च भरलेला. यवतमाळ, वर्धा, पार छिंदवाड्याकडची माणसं डबे, चादरी घेऊन बसलेली. आईला खुर्ची मिळाली, मी शेजारच्या बाकावर टेकले. टेकले आणि लगेच नाकाला ओढणी लावली. कुजका वास होता. मेलेल्या उंदराचा असतो तसा, त्यात काहीतरी गोडसर. कोण ही घाणेरडी माणसं, अंग कधी धुतात की नाही, असं मनात आलं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा-म्हातारी बसले होते. म्हाताऱ्याचं धोतर स्वच्छ होतं. डाव्या पायाला टॉवेल गुंडाळलेला, आणि वास त्या टॉवेलातून येत होता. म्हातारीच्या मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीतून मी केलेलं ते पावडरीचं पाकीट वर डोकावत होतं.

मला ओळखायला क्षणही लागला नाही. हॉलच्या त्या टोकावरूनही ते वाचता आलं असतं, इतकं ते अक्षर चांगलं होतं.

मी ओढणी खाली केली आणि विचारलं, "बाबाजी, हे कुठून घेतलं?"

"भायेर, गेटापाशी," म्हातारा म्हणाला. "दवाखान्याचंच हाय ते."

"दवाखान्याचं नाही हो."

"हाय ना! अक्षर पाह्य ना. त्या पाटीवर हाय तसंच हाय." त्याने समोरच्या भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. "मी दुसरीच शिकलो. बाकीच्या पाकिटावरचं मले वाचताच येत नाई. हे म्या सोता वाचलं."

हे सांगताना त्याचा चेहरा खुलला होता.

म्हातारी म्हणाली, "याईनं गोळ्या बंद केल्या बाई, तीन आठवडे झाले. म्हणे एकच दवाई घेतो, दोन दोन काहून घ्याच्या. मंग पायाले ठेच लागली. तं हे असं झालं." तिने पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "खाली काई बारीक लिवलं हाय. आमच्या डोयाले दिसत नाई. वाचून दे ना वं."

माझ्या डोळ्यांनाही ते चष्मा लावूनच दिसलं. मी वाचलं. हे औषध नव्हे. वाचताना आवाज इतका बारीक झाला की तिने पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं, या वेळी मोठ्याने. पलीकडच्या बाकावरची दोन माणसं वळून बघायला लागली.

म्हातारा ऐकत होता. त्याला राग आलेला दिसला नाही. तो गोंधळला होता. "औषध नाई, तं मंग ते बारीक काहून लिवलं? आन हे नाव एवढं मोठं दवाखान्यावानी काहून लिवलं?"

याचं उत्तर त्या संपूर्ण हॉलमध्ये फक्त मलाच माहीत होतं. मी बोलून गेले, "बाबाजी, हे पाकीट मी बनवलं."

मग म्हातारी जरा पुढे सरकून, अगदी विश्वासाने म्हणाली, "तू बनवतं? मंग सांग ना वं बाई, याईले फायदा काहून नाई झाला?"

"पावडर नाही हो आजी. पावडर मी नाही बनवत. हे अक्षर मी बनवलं. हे नाव."

"अक्षर?" तिला कळेना. "अक्षर कोनी बनवते का? अक्षर तं असतेच."

मी काय सांगणार होते तिला? 'ध'चं पोट किती उघडलं, ते? एवढ्यात नर्सने म्हाताऱ्याचं नाव पुकारलं. तो उठला तेव्हा टॉवेल थोडा सुटला आणि मला अंगठा दिसला. तो रंग मी इथे लिहीत नाही. म्हाताऱ्याला आधार द्यायला मी हात पुढे केला, आणि त्याच हाताने मघाशी नाक दाबलं होतं, हे आठवून मला स्वतःची शिसारी आली. त्यांच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर मी माझा फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहून दिला.

डावा अंगठा काढावा लागला. म्हातारीने चार दिवसांनी फोन करून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पाय वाचला, नशीब समजा.

मी कळमेश्वरला गेले. जाताना रस्ताभर वाक्यं जुळवत होते. शेड म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर भुऱ्या पावडरीचा ढीग, ढिगावर पत्र्यातून येणारं ऊन. मेथीचा कडू वास घशात बसत होता. वर लोखंडी अँगलवर कबुतरं बसली होती आणि ताडपत्रीवर त्यांची घाण जागोजागी पडली होती. दोन बाया तोंडाला फडकं बांधून चमच्याने पाकिटं भरत होत्या. भिंतीशी पाकिटांच्या छापील कागदाचा रोल ठेवला होता, आणि त्यावर मी घडवलेलं ते नाव ओळीने, खाली खाली, संपतच नव्हतं. त्या घाणीत तेवढंच एक स्वच्छ होतं.

गृहस्थांनी खुर्ची पुसून दिली. चहा मागवला. मी म्हाताऱ्याचं सगळं सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते.

"बिचारा," ते म्हणाले. "पण मॅडम, साखरवाल्याचा अंगठा आज ना उद्या जातोच."

"त्याने तुमच्या पाकिटामुळे गोळ्या बंद केल्या."

"पाकिटावर काय लिहिलं आहे? बंद करू नका. मी खोटं कुठं लिहिलं, दाखवा. औषध हा शब्द फक्त एकाच ठिकाणी आहे, आणि तिथं लिहिलं आहे की हे औषध नाही."

"ते कोणाला दिसतं?"

खिशातली बाटली काढून त्यांनी हातावर दोन थेंब घेतले आणि सावकाश चोळले. "वो तो आपने ही छोटा किया ना, मॅडम. मी तर फक्त शांत ठेवा म्हटलं होतं."

रस्ताभर जुळवलेल्या वाक्यांतलं शेवटचं तेवढं उरलं होतं. मी म्हटलं, ती ओळ मोठी करा, नाहीतर माझं अक्षर काढून टाका. ते हसले. म्हणाले, आता हिंदीत करायचं आहे, मध्य प्रदेशसाठी, तुम्हीच करून द्या. समोरच्या कपात चहावर भुरी साय आली होती; ती दुधाची की पावडरीची, कळत नव्हतं. आणि मी तो चहा प्यायले. इतकी चिडलेली बाई चहा पिते का? पण पुढ्यात ठेवलेला चहा नाही म्हणायची मला सवय नाही. घरी येऊन दोनदा चूळ भरली, तरी जिभेवरची ती चव जेवणापर्यंत गेली नाही.

मग मी सरकारी कचेरीत तक्रार द्यायला गेले. टेबलामागच्या साहेबांनी पाकीट चष्म्याजवळ धरलं, लांब धरलं, पुन्हा जवळ धरलं.

"लिहिलं तर आहे इथं. औषध नव्हे."

"दिसतं का पण?"

"मला दिसलं ना." त्यांनी पाकीट उलटसुलट करून बघितलं. "लेबल मात्र एकदम क्लास आहे हो. कोणी केलं? आमच्या भाच्याला मसाल्याचं करायचं आहे."

मी सांगितलं, मला माहीत नाही. तिथे मी खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर त्यांनी माझं कार्ड मागितलं असतं, आणि ते देण्याची कल्पनाच मला सहन झाली नाही. दीड महिन्याने घरी उत्तर आलं, की पाकिटावर आवश्यक ती सूचना छापलेली आढळली.

पावडर अजून विकली जाते. हिंदी पाकीट दुसऱ्या कोणीतरी करून दिलं. मी पाहिलं, माझ्यापेक्षा वाईट केलेलं नाही. माझ्या अक्षराची नक्कल करून गुडघेदुखीचं तेल आणि मुतखड्याचं चूर्णही गेटापाशी आलं. तो फॉन्ट मी माझ्या कॉम्प्युटरवरून काढून टाकला. त्याने काय होणार आहे, मला ठाऊक आहे. लग्नपत्रिकेवर, शाळेच्या फलकावर, कुठेही तो दिसला की त्या टॉवेलाचा वास येतो. खरंच येतो. नवरा म्हणतो, मनाचे खेळ आहेत. असतील.

ज्याला मी विद्रूप म्हणून पालथं ठेवलं होतं, ते पहिलं पाकीट मी खूपदा आठवते. फांदी, कमळ, ऋषी, मोडका 'द्ध'. ते बघून म्हाताऱ्याने गोळ्या बंद केल्या नसत्या. ते जे होतं तेच दिसत होतं. मला किळस आली ती अक्षराची, आणि त्या धुतलेल्या हातांच्या माणसासमोर मी कौतुकाने बसून राहिले. माझ्या नजरेवर तेव्हापासून माझा विश्वास राहिलेला नाही.

काम सोडलं नाही. घर त्यावर चालतं. पण आता सूचनेची ओळ मी नावाच्याच वळणात, डोळ्याला दिसेल एवढी घेते. पापडवाल्या बायकांना त्याचं काही वाटत नाही. काही गिऱ्हाइकांना वाटतं. ती येईनाशी झाली.

म्हातारीचा फोन मात्र येत राहतो. नातीकडून ती पाकिटांचे, बाटल्यांचे फोटो काढून पाठवते आणि मग फोन करते, "हे चांगलं हाय का वं बाई?" मी फोटो मोठा करून खालच्या ओळी वाचते. बरेचदा अक्षरं फुटतात, वाचता येत नाहीत. मग नातीला फोनवर एकेक अक्षर वाचायला लावते.

परवा एका तेलाच्या बाटलीचा फोटो आला. म्हाताऱ्याच्या तळपायाला मुंग्या येतात म्हणून कोणीतरी गावात आणून दिली होती. मी म्हटलं, आजी, हे लावू नका, डॉक्टरांना विचारा.

"मंग काय करू याचं? ठेवू का घरात?"

"ठेवू नका. मोरीत ओता."

"थांब," ती म्हणाली. फोन हातात धरूनच ती चालत गेली. बांगड्या वाजल्या, झाकण फिरवल्याचा आवाज आला, मग तेल गळल्याचा.

"लय घान वास हाय वं याचा," ती म्हणाली.

"ओता सगळं," मी म्हटलं, आणि बाटली रिकामी होईपर्यंत फोन कानाला धरून बसले.